कोळसा, प्राणवायू व पाण्याची शुद्धी

वाळू, खडी व कोळसा यांचे थर घातलेल्या मडक्यांची गाळणी प्राथमिक शाळांतून पुष्कळदा दाखविली जाते. वाळूने गाळ अडतो, हे मुलांना दिसते. कोळशाचे कार्य मात्र दिसत नाही. म्हणून ते नीट समजावून देणे अगत्याचे आहे.

पाण्यात विरघळलेली रंगाची व वासाची द्रव्ये कोळशाच्या पृष्ठभागास चिकटून राहतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. कोळशाने द्रावणाचा रंग जातो, हे लोव्हिट्झ या रसायनशास्त्रज्ञास १७८५ साली आढळून आले. विशेष रीतीने तापवून केलेल्या क्रियाशील कोळशात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग ५०० ते १५०० चौरस मीटर, म्हणजे निदान ५ गुंठे जमिनीएवढा भरतो.

पाण्यात प्राणवायूही विरघळलेला असतो. २५ अंश सेल्सिअसला एका लिटरात तो फार तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. प्रमाण अल्प, पण परिणाम मोठा. काही कारखान्यांच्या सांडपाण्यात फेनॉल वर्गातील विषारी द्रव्ये असतात. प्राणवायू असता कोळशाच्या पृष्ठभागावर त्यांचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन मोठे रेणू बनतात व छिद्रांत घट्ट बसतात. त्यामुळे तेवढाच कोळसा अधिक फेनॉल काढून घेतो. मात्र असा कोळसा साफ करून पुन्हा वापरणे कठीण होते. जी द्रव्ये अशी जोडली जात नाहीत, त्यांच्या बाबतीत हा लाभ होत नाही.

वर्गात एक सोपा प्रयोग करावा. पेलाभर पाण्यात शाईचा एक थेंब टाकून त्यात दोन चमचे बारीक कुटलेला कोळसा घालावा. बराच वेळ ढवळून पाणी गाळले असता रंग फिका झालेला दिसेल. तोच कोळसा पुनःपुन्हा वापरल्यास त्याचा गुण कमी होत जातो. गाळणीतील कोळसा वेळोवेळी का बदलावा, हे मुलांना यावरून आपोआप कळेल.

मात्र येथे शिक्षकाने सावध राहावे. पाणी स्वच्छ दिसले म्हणजे ते निर्दोष झाले, असा समज मुलांच्या मनात राहू देऊ नये. कोळसा रोगजंतू मारीत नाही. उलट जुन्या कोळशावर जंतू वाढू शकतात. शिवाय तो पाण्यातील क्लोरीनही काढून घेतो. यास्तव टी. सी. एल. पावडर गाळण्यापूर्वी नव्हे, तर गाळल्यानंतर योग्य प्रमाणात घालावी, अथवा पाणी उकळून घ्यावे. गाळणीचा पाठ या सूचनेवाचून पुरा झाला असे समजू नये. कारण मुले तो घरी जाऊन सांगतात, आणि घरचे पाणी त्याप्रमाणे भरले जाते.