हिरवा दिवा लागला म्हणजे झालं?

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे मराठीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची वाट लागते. सांभाळून घ्या!

विषय निघाला आमच्या खोलीत. रूममेटचा भाऊ अणुवीज केंद्रात कंत्राटी कामावर लागलाय. परवा तिच्या आईचा फोन आला, "बाहेर पडताना मशीनवर हात-पाय ठेवायचे, हिरवा दिवा लागला की सोडतात म्हणे. म्हणजे अंगाला काही नाही ना?" 'इंजिनिअर' म्हणून फोन माझ्या हातात! मी "हो काकू" म्हणून मोकळी झाले आणि मग लायब्ररी गाठली.

हिरवा दिवा म्हणजे शून्य नव्हे. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी, एवढंच. कारण यंत्र कधीच गप्प नसतं. माती, भिंती, आकाशातून येणारे किरण, सगळ्यांचे काउंट्स चालूच असतात. समजा, मिनिटाला असे १०० येतात. १०० चं वर्गमूळ १०, म्हणून आकडा कधी ९०, कधी ११० असा सहज हलतो. या गोंगाटात साधारण ५० जादा काउंट्स असतील तरच ते खात्रीने पकडता येतात. चौपट वेळ मोजलं तर ही मर्यादा निम्मी होते. पण शिफ्ट सुटल्यावर रांगेतल्या प्रत्येकाला चार-चार मिनिटं कोण उभं करणार?

दुसरी अडचण किरणांचीच. अल्फा कण हवेत जेमतेम चार सेंटिमीटर जातात. घामाचा पातळ थरसुद्धा त्यांना अडवतो. सोलापूरच्या मे महिन्यात तर बघायलाच नको!

ट्रिटियम त्याहून लबाड. त्याचे बीटा कण हवेत पाच-सहा मिलिमीटरमध्येच संपतात, त्यामुळे हाता-पायाच्या नेहमीच्या यंत्राला ते दिसतच नाहीत. नोव्हेंबर २००९ मध्ये कारवारजवळच्या कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं गेलं. ५० हून अधिक कामगारांच्या पोटात ते गेलं. सापडलं कशात? लघवीच्या तपासणीत. आपल्या तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्याही जड पाण्यावरच्याच आहेत.

मग यंत्र निरुपयोगी का? मुळीच नाही. कोबाल्ट-६०, सिझियम-१३७ ते चांगलं पकडतं. फक्त त्याला दिसत नाही ते नाहीच, असं समजू नये.

रात्री काकूंना परत फोन लावला. "काकू, त्याला सांगा, हात कोरडे करून मशीनवर पूर्ण वेळ ठेव. आणि लघवीची तपासणी कधी चुकवू नको, दिवा हिरवा असला तरी."

काकू म्हणाल्या, "एवढंच ना? मग सकाळी हो हो का करत होतीस?"