वरचं गाव, खालचं शहर

म्हैसूरच्या वायव्येला, सुमारे ४० किलोमीटरवर, कावेरी डावीकडे वळते. कन्नडमध्ये 'एड' म्हणजे डावा आणि 'तोरे' म्हणजे प्रवाह. म्हणून त्या वळणावरच्या गावाचं नाव पडलं एडतोरे. अर्केश्वराचं जुनं देऊळ, भोवती भाताची खाचरं आणि दाराशी नदी. १९२४ च्या पावसाळ्यात कावेरीला महापूर आला आणि हे नदीकाठचं राहणं गावाच्या जिवावर बेतलं. पूर ओसरल्यावर चौथे कृष्णराज वडेयर यांच्या राजवटीत, नदीपासून जरा हटून, उंचावर नवं गाव आखलं गेलं. रस्ते रुंद ठेवले, सरळ ठेवले. महाराजांच्या नावावरून त्याला कृष्णराजनगर म्हणू लागले.

पाण्यापासून गाव वाचवण्याचं काम तेव्हा चोख झालं. गावापासून पाणी वाचवायचं काम मात्र पुढच्या पिढ्यांवर आलं. २०११ च्या जनगणनेत कृष्णराजनगरची लोकसंख्या ३५ हजारांवर होती. इथून कावेरी पुढे जाते ती कृष्णराजसागर धरणात, म्हणजे सगळे ज्याला केआरएस म्हणतात त्या जलाशयात. आणि मुख्यतः त्याच जलाशयाच्या पाण्यावर, होंगळ्ळी आणि बेळगोळच्या पंपांमार्फत, म्हैसूर शहर जगतं. वरच्या गावातल्या सेप्टिक टँकचा उपसा कुठे ओतला जातो, हा प्रश्न खालच्या शहराच्या नळाचाही आहे. म्हैसूरच्या पाण्याचा दोनशे वर्षांचा इतिहास वाचताना जाणवतं ते हेच, की पाणी आणण्यावर सगळ्यांचा जीव होता आणि वापरून झालेल्या पाण्याचा विचार दर वेळी उशिराच झाला.

सुरुवात दिवाण पूर्णय्यांपासून करावी लागते. टिपूच्या पदरी राहिलेले आणि १७९९ नंतर वडेयरांच्या राज्याचा कारभार सांभाळणारे पूर्णय्या म्हैसूरला कावेरीचं पाणी आणायला निघाले. त्यांनी कालवा खोदायला घेतला. जमिनीचा चढ आडवा आला, पुष्कळ खोदकाम झालं, पण कावेरी काही शहरात आली नाही. उरला तो किल्ल्याजवळचा लांब, खोल चर. लोक त्याला पूर्णय्यांचा नाला म्हणत. ज्यातून पिण्याचं पाणी वाहायचं होतं, त्यात शहराची घाण साठू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवला, वरून प्रशस्त रस्ता काढला आणि त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं नाव दिलं. आज दसऱ्याची जंबू सवारी ज्या सय्याजी राव रस्त्यावरून जाते, तो हाच. बडोद्याला आजव्याच्या तलावाचं पाणी पुरवणाऱ्या राजाचं नाव एका फसलेल्या पाणीयोजनेच्या जागेवर यावं, हा योगायोग मराठी वाचकाला थांबायला लावतो.

नळाचं पाणी म्हैसूरला आलं १८९० च्या दशकात, राजमाता वाणीविलास सन्निधान यांच्या नावाच्या वाणी विलास वॉटर वर्क्समधून. त्याच दशकाच्या शेवटी प्लेग आला. संस्थानाने १८९८ मध्ये प्लेग कमिशनर म्हणून नेमलं ते व्ही. पी. माधवराव यांना. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले हे गृहस्थ पुढे म्हैसूरचे दिवाण झाले. प्लेगने दाटीच्या वस्त्यांचं जे रूप उघडं केलं, त्याचं उत्तर म्हणून १९०३ मध्ये शहर सुधारणेसाठी स्वतंत्र विश्वस्त मंडळ निघालं. जुन्या मोहल्ल्यांत आजही घरांच्या मागून अरुंद बोळ जाताना दिसतात. कॉन्झर्व्हन्सी लेन म्हणतात त्यांना. संडासाची खिडकी त्या बोळात उघडायची आणि मैला वाहणारी माणसं त्याच वाटेने यायची. घराच्या दर्शनी बाजूने चालण्याची त्यांना मुभा नव्हती. शहर नेटकं दिसायचं, त्यामागे ही माणसं होती, आणि नियोजनाचे गोडवे गाताना त्यांना वगळणं अन्यायाचं आहे.

केआरएसच्या कहाणीत तर महाराष्ट्र आरंभापासून आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनियर झाले. नाशिक, खानदेश, पुणे इथे त्यांनी मुंबई इलाख्याची नोकरी केली. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पुराचं पाणी विशिष्ट पातळीवर चढलं की दार उघडावं आणि उतरलं की मिटावं, अशी ती रचना होती. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९११ मध्ये कन्नंबाडीजवळ धरणाचा पाया घातला गेला. तेव्हा दिवाणपदी टी. आनंदराव होते, तेही तंजावरी मराठीच. सुर्कीच्या चुन्यात बांधलेलं हे धरण १९३० च्या दशकाच्या आरंभी पुरं झालं.

मग शहर वाढलं. २०११ मध्ये महापालिका हद्दीत सुमारे नऊ लाख माणसं होती. त्यानंतरच्या वसाहती रिंग रोड ओलांडून गेल्या. पाणी वाढवायला मेळापूरची योजना आली, काबिनी नदीवरून बिदरगोडूची योजना आली. सांडपाण्यासाठी आशियाई विकास बँकेच्या कर्जातून विद्यारण्यपुरम, रायनकेरे आणि केसरे इथे तीन शुद्धीकरण केंद्रं उभी राहिली. त्यांची एकत्र क्षमता दिवसाला सुमारे १५ कोटी ७६ लाख लिटर. भारतातल्या अनेक शहरांपेक्षा म्हैसूर यात पुढेच आहे, आणि २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात त्याचा पहिला क्रमांक आला हेही खरं. पण केंद्रापर्यंत पोचतं ते गटारात आलेलंच पाणी. ज्या नव्या लेआउटला भुयारी गटार जोडलेलं नाही, तिथलं पाणी उताराने वाट काढतं आणि दळवाई तलावासारख्या तळ्यांत जाऊन बसतं.

इथे कर्नाटक आणि तामिळनाडूमधल्या कावेरीच्या भांडणातली एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. वर्तमानपत्रांत टीएमसीचे, म्हणजे अब्ज घनफुटांचे आकडे येतात, ही गोष्ट येत नाही. कावेरी लवादाने २००७ च्या निवाड्यात घरगुती पाण्याचा हिशेब मांडताना धरलं, की शहर जेवढं पाणी उचलतं त्यातलं फक्त २० टक्के खर्च होतं. उरलेलं ८० टक्के नदीच्या खोऱ्यात परत येतं. म्हणजे आपण ज्याला घाण पाणी म्हणून नाक मुरडतो, ते नदीच्या खातेवहीत जमेच्या बाजूला आहे. खालच्या शेतकऱ्याच्या वाट्यात ते मोजलेलं आहे. ते कोणत्या अवस्थेत परत येतं, एवढाच प्रश्न उरतो, आणि खरा प्रश्न तोच आहे.

महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, भीमा करत उजनीत उतरतं आणि सोलापूर उजनीचं पाणी पितं. पंचगंगेवर कोल्हापूरचा जयंती नाला वर आहे, इचलकरंजी खाली. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. खालच्या गावाने काहीच चूक केलेली नसते. ते फक्त खाली असतं.

तीच घसरण शहराच्या आतही होते. पुष्कळ शहरांत पाणी दोन दिवसांनी, दोन तास येतं. मधल्या वेळात जलवाहिनी रिकामी असते, दाब शून्य असतो. गल्लीतल्या गटाराला खेटून गेलेल्या पाइपाला कुठे बारीक चीर असली, तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. वॉलमन चावी फिरवतो आणि पहिली बादली गढूळ येते. गृहिणी ती बादली निमूट बाजूला काढून ठेवतात, झाडांना घालतात. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी इथल्या निवडक प्रभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाण्याचे आणि खंडित पाण्याचे प्रभाग शेजारी ठेवून संशोधकांनी अभ्यास केला. एकूण जुलाबांत ठळक फरक दिसला नाही. मात्र टायफॉइडच्या तक्रारी कमी आढळल्या, आणि गरीब घरांत रक्ती जुलाबही कमी. म्हणजे गरीब घरांना अखंड दाबाचा फायदा अधिक झाला. खर्चाचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

मग कृष्णराजनगरएवढ्या शहरांनी काय करायचं? प्रत्येक घर भुयारी गटाराला जोडायला पैसा आणि वर्षं लागतात. तोवर घरोघरी सेप्टिक टँक असतात. टाकी तुंबेपर्यंत कुणी तिची आठवण काढत नाही. तुंबली की उपशाची गाडी बोलवायची, आणि गाडी भरली की ती सोयीच्या ओढ्याकडे वळते. कृष्णेकाठच्या वाईने यावर घरगुती वाटावा असा साधा उपाय केला. टाकी भरण्याची वाट पाहायची नाही. नगरपरिषदेच्या वेळापत्रकाप्रमाणे दर तीन वर्षांनी गाडी दारात येईल, खर्च कराच्या रूपाने वसूल होईल आणि गाळ प्रक्रिया केंद्रावरच उतरेल. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने हीच वाट धरली. कर्नाटकात बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीत २०१५ पासून अशा गाळाचं केंद्र आहे. यातलं तंत्र अवघड नाही. गाडी ठरल्या दिवशी निघते की नाही आणि भरलेली गाडी कुठे रिकामी होते, यावर रोज कुणाचं तरी लक्ष लागतं.

पैसा कुणी द्यायचा, याचं उत्तर न्यूयॉर्कने १९९७ मध्ये दिलं. त्या शहराचं बहुतेक पाणी दूरच्या कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येतं. प्रचंड खर्चाचं गाळण केंद्र बांधण्याऐवजी शहराने वरच्या गावांशी करार केला. त्यांचे सेप्टिक टँक दुरुस्त करायला, त्यांची सांडपाणी केंद्रं सुधारायला शहराने स्वतःच्या तिजोरीतून पैसा दिला. म्हैसूरच्या पाणीपट्टीतला एक छोटा हिस्सा कृष्णराजनगरसाठी आणि कावेरीच्या वरच्या अंगाला असलेल्या कुशालनगरसाठी राखून ठेवता येईल. खालच्या शहराच्या दृष्टीने ही मदत नव्हे, पाणीपुरवठ्याचाच खर्च आहे.

जुलैत मोसमी पाऊस कोडगूत कोसळू लागला की म्हैसूरकर सकाळी पेपर उघडून आधी केआरएसची पातळी बघतात. १२४.८० फूट म्हणजे धरण भरलं. पाणी किती ते यातून कळतं, कसं आहे ते कळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मापदंडानुसार, शुद्ध करून पिण्यासाठी घ्यायच्या नदीत १०० मिलिलिटर पाण्यात एकूण कोलिफॉर्म जिवाणू ५,००० च्या वर असू नयेत. एडतोरेच्या काठावर आदल्या आठवड्यात मोजलेला कोलिफॉर्मचा आकडा पातळीच्या शेजारी, त्याच चौकटीत, तेवढ्याच ठळक टाइपात छापता येईल. कृष्णराजनगर आणि म्हैसूर दोन्हीकडे तो एकाच सकाळी वाचला जाईल.