उंचीचा हिशेब रक्तात!

मूर्ती लहान, कीर्ती महान! सातारकरांना लगेच गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवणार. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या बँटमवेट गटात ब्राँझ मिळवणारे ‘पॉकेट डायनॅमो’. सांगलीकडे कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने मात्र धिप्पाड गडी. तेव्हा बुटकेपणा हा काही आजार नव्हे. पण पोराची वाढच अडली असेल तर? मग रक्ताला विचारायचं.

वाटाण्याएवढी, पण भारी : मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी ग्रोथ हार्मोन बनवते. हे 191 अमिनो आम्लांचं प्रथिन आहे.

झोपेतली कमाई : ते मुख्यतः गाढ झोपेत, थांबून थांबून सुटतं आणि रक्तातून झटपट ओसरतं. दिवसा सहज केलेल्या तपासणीत नगण्य दिसलं, तरी घाबरायचं कारण नाही. म्हणूनच डॉक्टर हार्मोन सुटायला लावणारं औषध देऊन ठरावीक अंतरानं रक्त घेतात.

खरा खबऱ्या : हार्मोनच्या हुकमावर यकृत आयजीएफ-1 हे प्रथिन तयार करतं. ते आयजीएफबीपी-3 सारख्या सोबत्यांना धरून फिरतं, म्हणून दिवसभर पातळी टिकते. उपचारासाठी दिलेल्या ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनचा डोस कमी पडतोय की जास्त होतोय, याचा अंदाज त्यावरून येतो. पोरगं नीट जेवत नसेल, तरीही ते घसरतं बरं का!

किल्ली आहे, कुलूपच बिघडलंय : लॅरॉन सिंड्रोम या आजारात शरीर हार्मोनला दाद देत नाही; हार्मोन भरपूर, आयजीएफ-1 मात्र तळाला. तिथं नेहमीचं इंजेक्शन वाया; आयजीएफ-1च टोचावं लागतं.

पहिलं वर्ष जोरात : हार्मोनची कमतरता असलेलं मूल वर्षाला जेमतेम 3-4 सेंटिमीटर वाढतं. उपचाराच्या पहिल्या वर्षी तेच 8 ते 12 सेंटिमीटर वाढू शकतं. पुढे वेग ओसरतो.

1985 ची कलाटणी : तोवर हे हार्मोन मृतांच्या पिट्यूटरीतून काढत. त्यातून मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचं कळलं आणि ते बंद झालं. त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेलं हार्मोन अमेरिकेत मंजूर झालं.

डाव्या हाताची साक्ष : मनगट-पंजाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. हाडांची टोकं जुळून आली, की इंजेक्शननं उंची वाढत नाही.

घरचं गणित : आईबापांच्या उंचीची बेरीज करा. मुलासाठी 13 सेंटिमीटर मिळवा, मुलीसाठी वजा करा, मग निम्मं करा. बाप 168, आई 154 असेल तर मुलाचा अंदाज 167.5, मुलीचा 154.5.

दर सहा महिन्यांनी भिंतीवर पेन्सिलची खूण करा. चौथ्या वर्षानंतर, वयात येण्याआधी, वाढ वर्षाला 5 सेंटिमीटरच्या आत राहिली, तर उंची वाढवणाऱ्या पावडरींवर पैसे उधळू नका. थेट बालरोगतज्ज्ञ गाठा.