नटाचे अर्कचित्र : साम्य कोणाशी?

एखाद्या नटाचे अर्कचित्र हाती पडले की आपण पहिला प्रश्न विचारतो तो हा, की ते जमले आहे काय? आणि बहुधा त्याच क्षणी उत्तरही देऊन मोकळे होतो. पण साम्य पडताळावयाचे ते कोणाशी? ओळखपत्रावरील छायाचित्राचे काम सोपे असते. समोर उभा असलेला इसम तोच आहे, एवढे त्याने पटविले म्हणजे झाले. नटाच्या बाबतीत मात्र समोर एक नव्हे, तीन इसम असतात : घरी असतो तो गृहस्थ, नाटककाराने निर्मिलेले पात्र, आणि या दोहोंच्या संयोगातून रंगमंचावर प्रकट होणारा नट. चित्रकाराने यांपैकी कोणाशी इमान राखावयाचे?

या प्रश्नाचा सर्वांत कडक निकाल लागला तो जपानमध्ये. १७९४ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, शाराकु नावाच्या चित्रकाराने काबुकी नटांची चित्रे काढण्यास प्रारंभ केला. त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकाने ती लाकडी ठशांवरून छापून विक्रीस काढली. सुमारे दहा महिन्यांत १४० हून अधिक चित्रे प्रसिद्ध झाली, आणि १७९५ च्या आरंभी हा चित्रकार जो अदृश्य झाला तो कायमचाच. तो कोण होता, याविषयी विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाही. त्याचे चित्रकर्म इतक्या लवकर का संपले, याचे कारण मात्र त्याच काळातील लेखक ओता नाम्पो याने नोंदवून ठेवले आहे. त्याच्या मते शाराकुने नटांचे सत्य रूप अति सत्यतेने रेखाटले, आणि तेच लोकांना रुचले नाही.

नटाचे चित्र विकत घेणारा रसिक त्या काळी आपल्या आवडत्या नटाची मोहिनी घरी नेत असे. शाराकुने त्याच्या हाती काय दिले? सेगावा किकुनोजो, तिसरा, हा स्त्रीभूमिकांबद्दल ख्यातनाम असलेला नट. जपानी शासनाने १६२९ साली स्त्रियांना रंगमंचावर बंदी केल्यापासून या भूमिका पुरुषच करीत आले होते. ओशिझु नामक पत्नीच्या भूमिकेतील त्याच्या चित्रात केशरचना स्त्रीची आहे, वस्त्रे स्त्रीची आहेत, मुद्राही स्त्रीची आहे. परंतु जड हनुवटी मात्र त्रेचाळिशीच्या पुरुषाची आहे. बालगंधर्वांचा काळ अनुभवलेल्या आपल्या रंगभूमीला यातील नाजूकपणा समजावून सांगावयास नको. पुरुष आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक तो विसरावयास तयार असतो. त्या विसरण्यावरच नटाचा सारा व्यवसाय उभा असतो. शाराकुने नेमके तेच विसरू दिले नाही.

हे सत्य म्हणावयाचे की क्रौर्य? त्याच सुमारास तोयोकुनी या दुसऱ्या चित्रकाराने तेच नट उंच, डौलदार रूपात रेखाटले आणि पुढे कित्येक वर्षे लोकप्रियता उपभोगली. आज दोनशेहून अधिक वर्षांनंतर त्या नटांना पाहिलेला एकही साक्षीदार उरलेला नाही, आणि छायाचित्रकलाही तेव्हा जन्मास आली नव्हती. तरीही पडताळणी अशक्य नाही. निरनिराळ्या हातांनी काढलेली एकाच नटाची चित्रे शेजारी शेजारी मांडावीत. एखादे बाकदार नाक, एखादा जड जबडा सर्वांत आढळला, तर ते नटाचे. एकाच चित्रकाराच्या सर्व नटांत जे आढळते, ते चित्रकाराचे.

परंतु एवढ्याने केवळ गृहस्थ ओळखता येतो, नट नव्हे. त्यासाठी ओतानी ओनिजी, तिसरा, याचे चित्र पाहावे. एदोबेई नावाच्या दुष्ट सेवकाच्या भूमिकेत, पैसे लुटण्यासाठी तो झेप घेण्याच्या बेतात आहे. अंगरख्यातून बाहेर आलेले, बोटे फाकलेले दोन्ही हात चेहऱ्याच्या मानाने लहान आहेत. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती उघड चूक आहे. पण पुढे आलेली मान, मिटलेले ओठ, रोखलेली नजर आणि ती बोटे यांतून हाव आणि धास्ती अशी एकवटली आहे, की मोजमाप चुकूनही अभिनय चुकत नाही. अर्कचित्र हा आपला मराठी शब्द येथे सार्थ ठरतो. अर्क काढताना द्रव्य आटते, गंध मात्र तीव्र होतो.

मग निवाडा करावा कोणी? खुद्द नटाने करू नये. तो आपला चेहरा आरशात पाहतो. प्रेक्षागृहाच्या मागील रांगेतून त्याने स्वतःला कधीच पाहिलेले नसते. न्यूयॉर्कच्या सार्डीज या उपाहारगृहात नाट्यकलावंतांची अर्कचित्रे भिंतीवर लावण्याची प्रथा आहे. तेथील पहिला चित्रकार ॲलेक्स गार्ड हा मोबदल्यात भोजन घेत असे, आणि करार असा, की मालकाने चित्रांना नावे ठेवू नयेत व चित्रकाराने अन्नाला. करारात विनोद आहे, तसे शहाणपणही आहे. ज्याच्या खुशीवर चित्र अवलंबून राहते, त्याची खुशामत चित्रात शिरल्यावाचून राहत नाही.

खरा कस असा लावावा : अतिशयोक्ती भूमिकेच्या दिशेने झाली आहे काय? नाक मोठे दाखविल्याने पात्राचा लोभ वा अहंकार अधिक स्पष्ट होत असेल, तर ते नाक खरे. केवळ हसू यावे म्हणून ते वाढविले असेल, तर तो चेहऱ्याचा उपहास झाला, अभिनयाचे चित्र नव्हे. या कसोटीस शाराकु उतरतो. किकुनोजोची हनुवटी त्याने लपविली नाही. पण त्या हनुवटीवर विराजमान झालेली स्त्रीही त्याने पुसून टाकलेली नाही. मध्यमवयीन पुरुष प्रयत्नपूर्वक स्त्री होत आहे, हे त्यात दिसते, आणि अभिनय म्हणजे तरी दुसरे काय?

१९१० साली युलिउस कुर्ट या जर्मन विद्वानाने शाराकुवर ग्रंथ लिहिला, आणि त्यानंतर त्याची गणना थोर व्यक्तिचित्रकारांत होऊ लागली. ज्यांची मोहिनी जपण्यासाठी एदोतील रसिकांनी ही चित्रे नाकारली, त्या नटांना जग आज ओळखते ते बव्हंशी याच चित्रांमुळे.