विश्लेषण : सह्याद्रीतला ‘नरक्या’ फुप्फुसाच्या कर्करोगावर काम कसा करतो?

रत्नागिरी : जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचे लहानसे झाड वाढते. त्याच्या फुलांना घाण वास येतो. तरीही त्याच्या लाकडाची तस्करी पकडल्याच्या बातम्या कोकण-कोल्हापूर पट्ट्यातून अधूनमधून येत असतात. कारण या लाकडात ‘कॅम्पटोथेसिन’ असते आणि त्यापासून कर्करोगाची औषधे बनतात.

शोध कोणाचा?

हा पदार्थ आधी सापडला तो एका चिनी झाडात. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी तो वेगळा काढला. वाणी मूळचे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. टॅक्सॉलचा शोधही याच जोडीचा. तरी महाराष्ट्रात वाणींचे नाव फारसे कोणी घेत नाही. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांना तोच पदार्थ नरक्यात आढळला.

पेशीत नेमके काय होते?

पेशीची विभागणी होण्यापूर्वी डीएनएची नक्कल तयार होते. पिळाचा दोर मधूनच उलगडू लागलो की पुढचा पीळ घट्ट होतो, तसेच डीएनएचे होते. तो ताण घालवण्यासाठी ‘टोपोआयसोमरेज-१’ हे विकर एक धागा कापते, पीळ सैल करते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिन नेमके कापणे आणि जोडणे यांच्यामध्ये अडकून बसते. नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते, दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या कर्कपेशींना याचा फटका जास्त बसतो. पण अस्थिमज्जेतील पेशीही भराभर वाढतात, त्यामुळे रक्तपेशी घटतात.

मग काढा का नको?

मूळ पदार्थ पाण्यात जवळपास विरघळत नाही. १९७०च्या दशकात त्याचा विरघळणारा क्षार रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा मूत्राशयाला गंभीर इजा झाली आणि चाचण्या थांबल्या. पुढे रेणूत बदल करून ‘टोपोटेकन’ बनले. ‘स्मॉल सेल’ प्रकारचा फुप्फुसाचा कर्करोग पहिल्या केमोथेरपीनंतर उलटला तर ते देण्यास अमेरिकेत १९९८ मध्ये मंजुरी मिळाली. त्याची मात्रा रुग्णाची उंची-वजन पाहून ठरते, मध्ये रक्त तपासले जाते. घरी उकळलेल्या लाकडातून किती उतरले, हे कोण मोजणार?

झाड तोडावेच लागते का?

लाकूड आणि मुळांसाठी अख्खे झाड जाते. म्हणून रोपवाटिका आणि लागवडीचे प्रयत्न सुरू आहेत. नरक्याच्या आत राहणारी बुरशीही हा पदार्थ बनवते, असे आढळले आहे. मात्र प्रयोगशाळेत ती वाढवत नेली की तिचे उत्पादन घटत जाते.