सिकलसेल आजार : कारणे, निदान व उपचार (वाहक आणि रुग्ण यांतील भेदाच्या विशेष संदर्भात)

सारांश

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. महाराष्ट्रात विदर्भ, सातपुड्याचा पट्टा आणि पालघर परिसरात तो प्रामुख्याने आढळतो. या आजाराविषयी समाजात दोन प्रकारचे अज्ञान दिसते. रुग्णाचे निदान उशिरा होते आणि निरोगी वाहकाला मात्र रुग्ण समजले जाते. प्रस्तुत लेखात आजाराचे कारण, निदानाच्या चाचण्या व उपचार यांचे विवेचन केले असून, वाहक व रुग्ण यांतील भेद हाच प्रतिबंधाचा पाया कसा आहे, हे स्पष्ट केले आहे.

1. प्रस्तावना

सिकलसेलच्या वैद्यकीय इतिहासाची सुरुवात एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यापासून होते. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी शिकागो येथे आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा वीस वर्षांचा तरुण 1904 च्या अखेरीस रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. वारंवार आजारी पडूनही नोएलने शिक्षण पूर्ण केले, मायदेशी जाऊन व्यवसाय केला आणि 1916 मध्ये फुप्फुसाच्या विकाराने त्याचा मृत्यू झाला. इंग्रजीतील ‘सिकल’ म्हणजे विळा. पेशींच्या आकारावरून आजाराला हे नाव मिळाले.

भारतात या विकाराची नोंद 1952 मध्ये झाली. लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींमध्ये, तर डनलॉप आणि मजुमदार यांना आसामातील चहामळ्यांवरील स्थलांतरित मजुरांमध्ये सिकल पेशी आढळल्या. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान इत्यादी आदिवासी जमातींत या जनुकाचे प्रमाण लक्षणीय आहे. विदर्भातील काही अनुसूचित जातींत व इतर मागासवर्गीय समाजांतही ते आढळते. त्यामुळे हा ‘केवळ आदिवासींचा आजार’ होय, ही समजूत बरोबर नाही. या भागांतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत वाहक आणि रुग्ण दोन्ही असतात. अनेकदा त्यांना स्वतःलाही याची कल्पना नसते.

2. आजाराचे कारण

तांबड्या रक्तपेशीतील हिमोग्लोबिन हे प्रथिन शरीरभर प्राणवायू वाहून नेते. प्रौढांच्या हिमोग्लोबिनमध्ये अल्फा व बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. बीटा साखळी 146 अमिनो आम्लांची बनलेली असते. तिच्यातील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की ‘हिमोग्लोबिन एस’ तयार होते. अकराव्या गुणसूत्रावरील जनुकातील केवळ एका अक्षराचा हा बदल होय. लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये रुग्णाचे हिमोग्लोबिन वेगळे असते हे दाखवून सिकलसेलला ‘रेणवीय आजार’ म्हटले. पुढे व्हर्नन इनग्राम यांनी 1956-57 मध्ये नेमका कोणता घटक बदललेला आहे, हे सिद्ध केले.

प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिन एसचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे ताठ धागे बनतात. परिणामी एरवी लवचीक असणारी गोल पेशी कडक व विळ्यासारखी होते. यातून दोन दुष्परिणाम संभवतात. पहिला म्हणजे अशा पेशी लवकर फुटतात. निरोगी पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असते, तर सिकल पेशी 10 ते 20 दिवसांत नष्ट होते. यामुळे रक्तक्षय व कावीळ उद्भवते. दुसरा म्हणजे या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून रक्तप्रवाह रोखतात. ज्या अवयवाचा रक्तपुरवठा थांबतो, तेथे तीव्र वेदना होतात व कालांतराने तो अवयव निकामी होऊ लागतो.

असा घातक जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा, याचे उत्तर अँथनी अॅलिसन यांच्या 1954 मधील संशोधनातून मिळाले. ज्यांच्याकडे या जनुकाची एकच प्रत असते, त्यांना तीव्र मलेरियापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. मलेरियाग्रस्त प्रदेशांत अशा व्यक्ती अधिक जगल्या आणि जनुकही टिकून राहिला. जनुकाच्या अभ्यासावरून भारत व अरबस्तान या भागांत तो आफ्रिकेपेक्षा स्वतंत्रपणे उद्भवला असावा, असे 1986 मध्ये दाखविण्यात आले. तात्पर्य, सिकलसेल हा पूर्वकर्माचा, अस्वच्छतेचा किंवा संसर्गाचा परिणाम नाही. ज्या जनुकाने पूर्वजांना मलेरियापासून वाचविले, त्याच्याच दोन प्रती एकत्र आल्यावर आजार निर्माण होतो.

3. वाहक आणि रुग्ण

प्रत्येक व्यक्तीला बीटा साखळीच्या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. दोन्ही प्रती सामान्य असल्यास व्यक्ती ‘एए’, एक सदोष असल्यास ‘एएस’ म्हणजे वाहक, आणि दोन्ही सदोष असल्यास ‘एसएस’ म्हणजे रुग्ण असते. वाहकाच्या पेशींत सामान्य हिमोग्लोबिन अधिक असल्याने त्याला सहसा कोणताही त्रास होत नाही. अतिशय कष्टाचे श्रम, तीव्र निर्जलीकरण किंवा समुद्रसपाटीपासून फार उंचावरील वास्तव्य अशा टोकाच्या परिस्थितीतच क्वचित गुंतागुंत होते. वाहकाचे पुढे रुग्णात रूपांतर होत नाही. त्याला त्यासाठी औषधाचीही गरज नसते.

संततीच्या दृष्टीने पुढील शक्यता लक्षात घ्याव्यात :

(अ) वाहक व सामान्य व्यक्ती : प्रत्येक अपत्य वाहक असण्याची शक्यता 50 टक्के, सामान्य असण्याची 50 टक्के. अपत्य एसएस रुग्ण होत नाही.
(आ) वाहक व वाहक : सामान्य 25 टक्के, वाहक 50 टक्के, रुग्ण 25 टक्के.
(इ) रुग्ण व सामान्य व्यक्ती : सर्व अपत्ये वाहक.
(ई) रुग्ण व वाहक : वाहक 50 टक्के, रुग्ण 50 टक्के.

ही शक्यता प्रत्येक गर्भधारणेस स्वतंत्रपणे लागू होते. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील’ हा समज गणिताच्या दृष्टीने चुकीचा असून त्यावर विसंबलेल्या कुटुंबात दुसरे रुग्ण अपत्यही जन्मास येऊ शकते.

4. लक्षणे आणि निदानातील चकवा

नवजात बालकाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठ्या प्रमाणात असते. त्यामुळे पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत. साधारण सहा महिन्यांनंतर हातापायांच्या बोटांना वेदनायुक्त सूज, फिकटपणा, डोळ्यांत पिवळेपणा, प्लीहेची वाढ आणि वारंवार होणारे जंतुसंसर्ग ही लक्षणे सुरू होतात. पुढील वयात सांधे, पाठ, छाती व पोट यांत असह्य कळा येतात. फुप्फुसात पेशी अडकल्यास छातीत दुखून धाप लागते. मेंदूचा रक्तपुरवठा थांबल्यास पक्षाघात होतो. मांडीच्या हाडाचे डोके रक्ताअभावी झिजल्याने ऐन तारुण्यात लंगडणारे रुग्णही आढळतात. थंडी, ताप, अतिश्रम आणि पाणी कमी पिणे यांमुळे वेदनांचा झटका उद्भवतो.

ही लक्षणे अन्य आजारांशी मिळतीजुळती असल्याने निदानाची दिशा चुकते. सांधेदुखीला संधिवात, पिवळ्या डोळ्यांना साधी कावीळ आणि पोटदुखीला आंत्रपुच्छाचा विकार समजले जाते. झटके दरम्यान थांबत असल्याने ‘दुखण्याचे सोंग’ असाही आरोप रुग्णाच्या वाट्याला येतो. फिकटपणा दिसताच लोहाच्या गोळ्या सुरू करण्याची प्रथाही येथे तपासून पाहावी लागते. सिकलसेलमधील रक्तक्षय पेशी फुटल्याने होतो. लोहाची कमतरता सिद्ध झाल्याविना, विशेषतः वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णास, लोह देत राहिल्यास ते शरीरात साचून अपाय करू शकते.

5. निदानाच्या चाचण्या

प्राथमिक तपासणीसाठी सोल्युबिलिटी म्हणजे विद्राव्यता चाचणी वापरली जाते. विशिष्ट द्रावणात रक्ताचे थेंब मिसळल्यावर हिमोग्लोबिन एस विरघळत नाही. त्यामुळे द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील रेषा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त असून काही मिनिटांत होते. तथापि तिच्या तीन मर्यादा आहेत. पहिली, ती केवळ हिमोग्लोबिन एस आहे किंवा नाही एवढेच सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे सांगत नाही. दुसरी, सहा महिन्यांखालील बालके, तीव्र रक्तक्षय किंवा नुकतेच रक्त घेतलेल्या व्यक्ती यांच्या बाबतीत निष्कर्ष फसवा असू शकतो. तिसरी, बीटा थॅलेसेमियाचा वाहक या चाचणीत निर्दोष दिसतो. सिकलसेलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक यांच्या अपत्यास दोन्ही सदोष जनुके मिळण्याची शक्यता 25 टक्के असते. असे अपत्य ‘सिकल-बीटा थॅलेसेमिया’चे रुग्ण ठरते. केवळ विद्राव्यता चाचणीवर भिस्त ठेवणाऱ्या दांपत्यास हा धोका कळत नाही.

म्हणूनच चाचणी सकारात्मक आल्यावर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पद्धतीने निदान निश्चित करणे अनिवार्य ठरते. पहिल्या पद्धतीत विद्युतक्षेत्रात निरनिराळी हिमोग्लोबिने वेगवेगळ्या गतीने सरकून त्यांचे पट्टे स्वतंत्र होतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक प्रकाराचे प्रमाण टक्केवारीत मिळते व थॅलेसेमियाचा वाहकही ओळखता येतो. शिबिरात ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शब्द ऐकून घरी गेलेल्या व्यक्तीचे निदान अपुरे असते, हे सर्वांनी ध्यानात घेतले पाहिजे.

6. उपचार

बहुतांश रुग्णांसाठी आजही उपचाराचा उद्देश आजार काबूत ठेवणे हाच आहे. भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, फॉलिक आम्ल, बालवयात पेनिसिलिन आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्धच्या लसी यांमुळे मृत्यू व गुंतागुंत टाळता येते. वेदनांच्या झटक्यात वेदनाशामके व द्रव पदार्थ तातडीने द्यावे लागतात. ताप, छातीत दुखणे, धाप किंवा अंगाचा एखादा भाग लुळा पडणे ही तत्काळ रुग्णालयात नेण्याची लक्षणे होत.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध या आजारात महत्त्वाचे ठरले आहे. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते आणि त्यामुळे पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्यास अटकाव होतो. अमेरिकेतील 299 प्रौढ रुग्णांवरील अभ्यासात, 1995 मध्ये, वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्याने घटल्याचे दिसले आणि 1998 मध्ये तेथे या औषधास मान्यता मिळाली. ते कर्करोगातही वापरले जात असल्याने रुग्ण धास्तावतात व मध्येच बंद करतात. वस्तुतः रक्तपेशींची नियमित मोजणी करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते दीर्घकाळ घेता येते. गर्भधारणेचा विचार असल्यास मात्र आधी सल्ला घेणे आवश्यक असते.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. परंतु अनुरूप दाता, खर्च व धोके यांमुळे ते मोजक्यांनाच शक्य होते. जनुक-संपादनावर आधारित पहिल्या उपचारास ब्रिटन व अमेरिका येथे 2023 च्या अखेरीस मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे 22 लाख डॉलर जाहीर झाली. ज्या आजाराचे रुग्ण प्रामुख्याने शेतमजूर व वनवासी कुटुंबांत आहेत, त्यांच्यासाठी असा उपचार तूर्त दूरचाच म्हणावा लागेल. परिणामी प्रतिबंधाचे महत्त्व कमी होत नाही.

7. प्रतिबंध आणि सामाजिक प्रश्न

केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून 2047 पर्यंत सिकलसेलचे निर्मूलन करणे हे त्याचे ध्येय असून, 17 राज्यांतील 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. चंद्रपूर येथे या विकारांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे केंद्र आहे.

तपासणीचा खरा उपयोग विवाहापूर्वी होतो. दोन वाहकांच्या विवाहाआधी धोका माहीत असल्यास त्यांना विचारपूर्वक निर्णय घेता येतो. विवाहानंतर माहिती झाल्यास गर्भाच्या पहिल्या तिमाहीत प्रसूतिपूर्व निदानाचा, म्हणजेच वारेच्या ऊतींच्या तपासणीचा मार्ग उपलब्ध असतो. मात्र समाजात तपासणीच्या निकालाचा अर्थ उलटा लावला जातो. वाहक मुलीचे स्थळ नाकारले जाते, या भीतीने पालक कार्ड लपवितात. मुलाची तपासणी होतच नाही आणि शेवटी दोन वाहकांचा विवाह अजाणतेपणी होऊन जातो. आजार टाळण्यासाठी केलेली तपासणीच अशा रीतीने निष्फळ ठरते. वाहकाने सामान्य व्यक्तीशी विवाह केल्यास अपत्य रुग्ण होत नाही, हे एक वाक्य गावोगावी पोहोचले तर लपविण्याचे कारणच बऱ्याच अंशी उरणार नाही. दोघांचीही तपासणी हा त्याचा अपरिहार्य भाग होय.

8. महाविद्यालयाची भूमिका

विवाहाच्या उंबरठ्यावरील तरुण-तरुणी मोठ्या संख्येने एकत्र भेटतात असे महाविद्यालयासारखे दुसरे ठिकाण नाही. राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत तपासणी शिबिरे घेता येतात. परंतु निकाल वर्गात वाचून दाखविणे किंवा सूचना फलकावर लावणे सर्वथा अनुचित आहे. तो संबंधितास एकांतात, समुपदेशनासह दिला जावा.

रुग्ण विद्यार्थ्यांच्या बाबतीत प्राध्यापकांची दृष्टी निर्णायक ठरते. झटक्यांमुळे होणारी अनुपस्थिती ही बेफिकिरी नव्हे. हजेरीच्या नियमात वैद्यकीय दाखल्याचा सहानुभूतीने विचार, परीक्षेत पाण्याची बाटली व स्वच्छतागृहाची मुभा, कडक उन्हातील कवायतीतून सूट या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश झाला आहे. त्याअन्वये प्रमाणपत्र कसे मिळवावे, याचे मार्गदर्शन महाविद्यालयाने करावयास हवे. विज्ञानाच्या प्राध्यापकांनी मेंडेलचे नियम शिकविताना वाटाण्याबरोबर सिकलसेलचे उदाहरण घेतल्यास तो पाठ विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आयुष्याशी जोडला जाईल.

9. निष्कर्ष

सिकलसेलचे कारण विज्ञानाला 1956-57 पासून नेमकेपणाने ठाऊक आहे. निदान सोपे असून आजार काबूत ठेवणारे औषधही उपलब्ध आहे. असे असूनही रुग्ण उशिरा ओळखले जातात आणि वाहक अकारण कलंकित होतात. या दोहोंचे मूळ वाहक व रुग्ण यांतील भेद न समजण्यात आहे. विद्राव्यता चाचणीनंतर निश्चित निदान, वधू-वर दोघांचीही तपासणी, निकालाची गोपनीयता आणि रुग्णास नियमित उपचार या चार बाबी कटाक्षाने पाळल्यास आजाराचा भार कमी करता येईल. नोएलला आपल्या आजाराचे नावही माहीत नव्हते. आजच्या विद्यार्थ्याला ते नाव, त्याचा अर्थ आणि त्यावरील उपाय माहीत करून देणे शिक्षकाच्या हाती आहे.