बार्शी लाइट रेल्वे
लातूर व मिरज यांना कुर्डुवाडी–पंढरपूरमार्गे जोडणारा पूर्वीचा अरुंदमापी लोहमार्ग. लांबी सु. ३२५ किमी.; रुळांतील अंतर ७६२ मिमी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) या इंग्रज अभियंत्याच्या पुढाकाराने तो उभारला गेला. अरुंद मार्ग म्हणजे दुबळा मार्ग, ही समजूत त्याने खोडून काढली. रुळांवरील ताण गाडीच्या एकूण वजनापेक्षा प्रत्येक आसावरील भारावर अधिक अवलंबून असतो, हे ओळखून त्याने हा भार ५ टनांपुरता मर्यादित ठेवला. किटसन कंपनीने लीड्स येथे बनविलेल्या वाफेच्या एंजिनांचे वजन म्हणूनच अनेक चाकांवर विभागलेले होते. चालक चाकांच्याच चार जोड्या होत्या. हलक्या, स्वस्त रुळांवरून भारी गाड्या धावू लागल्या त्या यामुळेच.

कुर्डुवाडी–बार्शी हा सु. ३५ किमी.चा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे मार्ग पंढरपूर (१९०६), लातूर (१९११) व मिरज (१९२७) येथवर पोहोचला. बाजारपेठांतील कापूस व धान्य आणि पंढरीचे वारकरी यांवर त्याची मोठी भिस्त होती. अरुंद मापाची किंमत मात्र कुर्डुवाडीस मोजावी लागे. तेथे माल रुंदमापी डब्यांत पुन्हा भरावा लागे. तिकडे नांदेडवरून जाणारा हैदराबाद–मनमाड मार्ग मीटरमापी होता. त्यामुळे मराठवाड्याच्या मालवाहतुकीला मापबदलाचा अडथळा दीर्घकाळ जाणवला.

शासनाने हा मार्ग १९५४ मध्ये खरेदी केला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो, काही ठिकाणी दिशा बदलून, टप्प्याटप्प्याने रुंदमापी करण्यात आला. एप्रिल २०१६ मधील दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या गाड्या याच मार्गाने धावल्या. पहिल्या गाडीच्या १० टाक्यांत सु. ५ लाख लिटर पाणी होते.